विगन, पाय-बार्म आणि अनवट तबकड्या : मँचेस्टरच्या आसपासचे चार दिवस

आधीच सांगून टाकतो, मला नाचता येत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत सुद्धा मी सगळ्यांच्या चपला आणि मोबाईल सांभाळत कडेला उभा राहणारा माणूस. त्यामुळे मामा इंग्लंडला जाऊन 'नॉर्दर्न सोल'वाल्यांच्या नाचायच्या हॉलमध्ये रात्र काढून आला हे ऐकून घरात जे हसू झालं ते चालूच आहे अजून.

झालं असं की भाचा मँचेस्टरला असतो, त्याच्याकडे दोन आठवडे राहायला गेलो होतो. त्याच्या शेजारी एक बाई राहतात, वय सदुसष्ट, रिटायर्ड नर्स. (नाव लिहू नको असं त्यांनीच बजावलंय, म्हणून नुसतं बाई.) भाच्याने त्यांना सांगून ठेवलेलं की आमच्या मामाकडे जुन्या नाट्यसंगीताच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या आहेत, चारपाचशे. बाई दुसऱ्याच दिवशी दारात हजर, हातात एक चौकोनी डबा. आत छोट्या ४५ च्या रेकॉर्ड्स, एकेक कागदी पाकिटात, आणि पहिला प्रश्न, "मग तुम्ही त्या वाजवता की नुसत्या ठेवता?" आता काय सांगणार. चांगल्या आहेत त्या मी वाजवत नाही, सुईने झिजतात. तसं म्हणालो तर त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की चहात मीठ घातलंय मी.

गुरुवार, मँचेस्टर

तर हे 'नॉर्दर्न सोल' प्रकरण काय आहे ते आधी. संगीत अमेरिकेचं, डेट्रॉइट शिकागो वगैरे, १९६० च्या दशकातलं काळ्या गायकांचं, त्याला सोल म्हणतात. 'नॉर्दर्न' मात्र इंग्लंडचं नॉर्थ, म्हणजे हा मँचेस्टर, विगन, स्टोक असा गिरण्या, खाणी, कारखान्यांचा पट्टा. नाव लंडनच्या डेव्ह गॉडिन नावाच्या पत्रकाराने दिलं, त्यांचं तिथे रेकॉर्डचं दुकान होतं, फुटबॉल मॅचला आलेली उत्तरेकडची पोरं दुकानात येऊन नवीन फंक संगीत वगैरे बघायची पण नाहीत, त्यांना तीच जुनी धावती ठेक्याची गाणी हवी असायची, म्हणून नोकरांना कळावं यासाठी त्यांनी १९६८ च्या सुमारास हा शब्द काढला आणि १९७० मध्ये 'ब्लूज अँड सोल' मासिकात छापला.

मुद्दा असा की अमेरिका पुढे निघून गेली होती. तसली गाणी तिकडे बनायची बंद झाली. इकडच्या पोरांना मात्र तीच पाहिजेत. मग नवा माल कुठून आणायचा? तर जुना, पडलेला माल खणायचा. मोटाउन ही डेट्रॉइटची रेकॉर्ड कंपनी जोरात चालली तेव्हा तिच्यासारखं काहीतरी करून बघणाऱ्या बारक्या बारक्या कंपन्या निघाल्या होत्या, काहीशे प्रती काढायच्या, कुणी विकत घ्यायचं नाही, गठ्ठे गोदामात. ते गठ्ठे इंग्लंडातून जाऊन उपसले गेले. म्हणजे जे गाणं अमेरिकेत सपशेल आपटलं तेच इकडे दहा वर्षांनी शनिवारी रात्री हजार पोरं नाचवतंय. गायकाला पत्ताच नाही, तो बिचारा कुठेतरी ड्रायव्हर नाहीतर कारखान्यात.

संध्याकाळी बाईंनी व्हिटवर्थ स्ट्रीट दाखवला. पिकॅडिली स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटं. इथे 'ट्विस्टेड व्हील' होता, सगळ्याची सुरुवात म्हणतात तो क्लब, दारू नाही, रात्रभर नाच, १९७१ च्या जानेवारीत बंद झाला. आता तिथे हॉटेल आहे, इमारतच पाडली. बाई फुटपाथवर उभ्या राहून हॉटेलच्या काचेकडे बघत होत्या, मी पण बघत होतो, आतला रिसेप्शनवाला आमच्याकडे बघत होता. पाऊस म्हणाल तर तो पाऊस नाहीच, नुसतं दव पडल्यासारखं, छत्री उघडायची लाज वाटते आणि दहा मिनिटांत शर्ट ओला.

(जाणार असाल तर छत्री नकोच, टोपीवालं जॅकेट घ्या. वाऱ्याने छत्री उलटी होते आणि लोक हसतात.)

शुक्रवार, स्टोक

ट्रेनने पाऊण तास. स्टोक म्हणजे एक गाव नाहीच, सहा गावं चिकटून झालेलं शहर, कपबशांचं. आम्हाला टन्स्टलला जायचं होतं, 'गोल्डन टॉर्च' क्लब कुठे होता ते बघायला. गल्लीचं नाव होज स्ट्रीट. आधी तिथे सिनेमा थिएटर होतं, घरांच्या रांगेतच. १९७२ मध्ये तिथे रात्रभरचे कार्यक्रम सुरू झाले, मेजर लान्स नावाचा शिकागोचा गायक येऊन गायला, त्याची लाइव्ह रेकॉर्ड पण निघाली, आणि १९७३ मध्ये लायसन्सचं नूतनीकरण झालं नाही, संपलं. म्हणजे जेमतेम वर्षभर! आणि पन्नास वर्षं लोक त्या एका वर्षाबद्दल बोलतायत. आज तिथे बघायला काहीही नाही. एक मांजर होतं.

पण स्टोकला गेल्याचं सार्थक झालं ते ओटकेकमुळे. नाव ऐकून मला वाटलं बिस्किट असेल. बाईंनी एका टपरीवजा दुकानात नेलं, समोर भला मोठा तवा, त्यावर पळीने पीठ ओतून पसरवतायत, वरून जाळी पडतेय... अहो आंबोळी! ओटचं पीठ, गव्हाचं पीठ, यीस्ट घालून आंबवलेलं, मऊ, तपकिरी. आत चीज घालून दुमडून देतात, मटण-बिटण खाणारे बेकन घालतात. मी दोन चीजची खाल्ली आणि तिसरी नुसती मागितली, चटणीची फार आठवण आली. कोणी म्हणतं हिंदुस्थानातून परत गेलेल्या गोऱ्या शिपायांना चपातीसारखं काहीतरी हवं होतं त्यातून हे निघालं, मला ती गोष्ट जरा ओढूनताणून आणलेली वाटते, ओट तिकडे आधीपासून पिकतच होते की. पण तव्यामागच्या बाईला मी सांगितलं की आमच्या कोकणात हेच करतात तांदळाचं, तर तिने "खरंच?" म्हणून मला पीठ ढवळलेली बादली उघडून दाखवली. वास अगदी तसाच!

(दुकानं सकाळी लवकर उघडतात आणि दुपारनंतर बंद होतात. रविवारी पण गर्दी असते. रोख पैसे ठेवा.)

परत येताना ट्रेनमध्ये बाईंनी 'कव्हर-अप' ची भानगड समजावली, आणि मला पहिल्यांदा हे लोक आपलेच वाटले. डीजेला एखादी कुणाकडेच नसलेली रेकॉर्ड सापडली की तो त्याचं लेबल कागद चिकटवून झाकायचा, आणि गाण्याला, गायकाला खोटंच नाव द्यायचा. का, तर दुसऱ्या डीजेने शोधून काढू नये. जोवर कळत नाही तोवर ते गाणं ऐकायचं तर त्याच्याच हॉलला यायला पाहिजे. म्हटलं हे तर आमच्या बुवांचं झालं! अनवट राग, घराण्याची चीज, आपल्या शिष्याशिवाय कुणाला द्यायची नाही, आणि समोर दुसऱ्या घराण्याचा कोणी बसलेला दिसला की अस्ताई अशी चावून म्हणायची की शब्द कळूच नयेत. बाईंना हे सांगायला मला क्रू स्टेशनपासून... नाही, क्रू त्या मार्गावर लागलंच नाही, मॅकल्सफील्डपासून स्टॉकपोर्टपर्यंत लागलं. 'अनवट' ला इंग्रजीत काय म्हणायचं तेच सुचेना. रेअर नव्हे नुसतं. मळलेल्या वाटेवरचं नाही ते.

त्यातली सगळ्यात गाजलेली गोष्ट फ्रँक विल्सनची. मोटाउनमध्ये प्रोड्यूसर. १९६५ मध्ये स्वतः एक गाणं गायलं, 'डू आय लव्ह यू', थोड्या प्रती निघाल्या, मग ठरलं की गायक व्हायचं नाही, प्रोड्यूसरच राहायचं. रेकॉर्ड बाजारात आलीच नाही, प्रती मोडून टाकल्या. त्यातल्या मोजक्याच वाचल्या. विगनमध्ये ती वाजली तेव्हा एडी फॉस्टर असं खोटं नाव लावून वाजली! एक प्रत २००९ मध्ये पंचवीस हजार पौंडांच्या वर गेली आणि २०२० मध्ये एक लाख पौंडांना. एक लाख. पौंड. अडीच मिनिटांचं गाणं. मी भाच्याला रुपये करायला सांगितले आणि मग नको म्हटलं.

शनिवार, विगन

हा मुख्य दिवस. विगनला दोन स्टेशनं आहेत समोरासमोर, वॉलगेट आणि नॉर्थ वेस्टर्न, मँचेस्टरहून दोन्हीकडे गाड्या जातात, परतीला कुठल्या स्टेशनातून गाडी आहे ते आधी बघून ठेवा नाहीतर आमच्यासारखी रस्ता ओलांडून पळापळ होते.

विगनच्या लोकांना आजूबाजूचे 'पाय-ईटर' म्हणून चिडवतात. पाय म्हणजे आपली करंजी मोठी करून गोल केली आणि आत बटाटा-मटण भरलं असं समजा. तो अख्खा पाय, लोणी लावलेल्या पावात घालून खातात. पावात पाय! पाय-बार्म. भाचा म्हणाला मामा हे काय कार्बमध्ये कार्ब, म्हटलं तू वडापावच्या देशात जन्मलास, गप्प बस. मी चीज-कांद्याचा घेतला. चांगला लागतो, फक्त मिरची पाहिजे. वर खिशात अंकल जोज मिंट बॉल्स, या गावातच १८९८ पासून होतात, तपकिरी कडक गोळ्या, पेपरमिंटपेक्षा चौपट झणका. सर्दी असेल तर नक्की.

विगन कसिनो जिथे होतं तिथे आता ग्रँड आर्केड नावाचा मॉल आहे. कसिनो नाव असलं तरी जुगार नव्हता हो, एम्प्रेस बॉलरूम नावाचा जुना नाचाचा हॉल. २३ सप्टेंबर १९७३ ला पहिली रात्र, डीजे रस विन्स्टनली. दार उघडायचं रात्री दोनला! दोन ते सकाळी आठ. बाकीचे पब बंद झाल्यावर हे सुरू. डिसेंबर १९८१ ला बंद झालं, मग आग लागली, मग पाडलं. मॉलमध्ये आम्ही एका बाकावर बसलो, समोर मोबाईल कव्हरचं दुकान, आणि बाई बोलायला लागल्या.

त्या सतरा वर्षांच्या होत्या, १९७५. घरी सांगायचं मैत्रिणीकडे झोपायला चाललेय, मैत्रीण तिच्या घरी सांगणार हिच्याकडे. बॅगेत बदलायचे कपडे, टॉवेल, टाल्कम पावडरचा डबा. रात्री दीडला रस्त्यावर हजारेक पोरं, देशभरातून आलेली, बसने, लिफ्ट मागत. आत दारू नाही. (गोळ्या होत्या, जाग राहायला घ्यायचे पुष्कळ जण. बाईंनी ते लपवलं नाही, म्हणाल्या नर्स झाल्यावर त्यातले दोनतीन चेहरे वॉर्डात परत दिसले. पुढे बोलल्या नाहीत.) इतका घाम की त्याची वाफ छताला लागून थेंब परत अंगावर पडायचे, निकोटीन मिसळून तपकिरी. सकाळी आठला बाहेर आलं की सगळे पोहण्याच्या तलावावर, अंघोळीला, मग घरी जाऊन चर्चला जायचं तोंड करून बसायचं. आणि सोमवारी कामावर. बाई तेव्हा बिस्किटांच्या कारखान्यात.

म्हटलं यात गोरे किती काळे किती? म्हणाल्या बहुतेक सगळे गोरे, कामगारांची पोरं. गाणारे सगळे बहुतेक काळे. "आम्ही त्यांना कधी बघितलंच नव्हतं, फक्त लेबलवरचं नाव." मला हे जरा विचित्र वाटलं, अजूनही वाटतं. प्रेम खरं होतं यात शंका नाही, पण ते पैसे त्या गायकांपर्यंत फारसे पोचले नाहीत हेही खरं.

भांडणं पण होती म्हणे. ब्लॅकपूलच्या मक्का नावाच्या नाचाच्या हॉलमध्ये इयन लेव्हिन नावाचा डीजे सत्तरच्या दशकातली नवीन गाणी लावायला लागला, तर जुन्यावाल्यांनी 'लेव्हिन मस्ट गो' असे बिल्ले छापले! म्हटलं घ्या, किराणा-जयपूर घराणी इथे पण.

रात्री एका सोशल क्लबमध्ये गेलो. गावाबाहेर, साधा हॉल, कडेला गालिचा, मधे लाकडी फ्लोअर, बार, भिंतीवर डार्ट्सचा बोर्ड. सत्तरएक माणसं. सरासरी वय माझ्याएवढं, पण विशी-बाविशीची आठदहा पोरंपोरी पण, जुन्या फॅशनचे कपडे घालून. पुरुषांच्या पँटी एवढ्या रुंद की एकेका पायात माझा एकेक पाय दोनदा जाईल, बायकांचे गोल घेरदार स्कर्ट. बॅगांवर कापडी बिल्ले शिवलेले, आवळलेली मूठ आणि 'कीप द फेथ'. फ्लोअरच्या खांबावर पाटी, पावडर टाकू नये. बाईंनी पाटी वाचली, पर्समधून छोटी डबी काढली, खाली वाकून बुटाच्या तळाला लावली आणि डबी परत पर्समध्ये. "फ्लोअरवर कुठे टाकली?"

नाच. आता हे कसं सांगू. जोडीने नाचत नाहीत. प्रत्येकजण एकटा, सगळे साधारण डीजेकडे तोंड करून, कमरेच्या वर शरीर जवळजवळ स्थिर आणि खाली पाय डावीकडून उजवीकडे असे सरकतायत जसे काही फरशीला तेल लागलंय. कोणी कोणाला धडकत नाही. मधेच गिरकी. गाण्यात एक ठरलेली जागा येते आणि अख्खा हॉल एकच टाळी मारतो, एकच, फाट्! पहिल्यांदा मी दचकलो. तिसऱ्या गाण्याला मला पण कळायला लागलं की आता येणार, समेवर मान जाते तसं, आणि मारली मी टाळी, बरोबर पडली! भाचा माझ्याकडे बघतच राहिला. चौथ्याला उगाच आत्मविश्वासाने मारली ती एकट्याचीच पडली.

एक गृहस्थ, सत्तरीच्या पुढचे, टक्कल, बनियन आणि रुंद पँट. गाण्याच्या मधल्या सॅक्सोफोनला ते सरळ मागे पडले, एक हात जमिनीवर, आणि परत उभे. हॉल क्षणभर गप्प. नंतर गुडघ्यावर हात टेकत कडेला आले, माझ्या शेजारी बसले, म्हणाले आता महिनाभर नाही. बाईंचा एक गुडघा बदललेला, त्या गिरक्या घेत नाहीत, नुसतं सरकतात. पण बाकावर बसलेली ती मॉलमधली बाई आणि ही एकच का असं वाटावं इतक्या वेगळ्या.

कोपऱ्यात एका टेबलावर विकायच्या रेकॉर्डचे डबे, मी अर्थातच तिथे जास्त वेळ. इथे एक शब्द शिकलो, ओव्हीओ, म्हणजे फक्त मूळ छापाची तबकडी वाजवायची, नक्कल नाही, सीडी नाही, लॅपटॉप तर नाहीच. डीजेच्या डब्यात म्हणे दीड हजार पौंडांची एक होती, आणि ती त्याने काढली, शर्टाला पुसली (शर्टाला!) आणि लावली, शेजारी बिअरचा ग्लास. मी न राहवून जाऊन विचारलं, झिजत नाही का? म्हणाला झिजते ना. "घरी ठेवली तर माझ्यानंतर बायको डब्यासकट दहा पौंडांना देऊन टाकेल." मी पुण्यातलं माझं कपाट आणि आमची ही डोळ्यांसमोर आणली आणि काही बोललो नाही.

शेवटची तीन गाणी. कसिनोत दर वेळी सकाळी आठच्या आधी तीच तीन वाजायची, 'थ्री बिफोर एट' म्हणतात, टोबी लेजंड, मग जिमी रॅडक्लिफ, मग डीन पॅरिश. हा पॅरिश ब्रुकलिनचा, त्याला कित्येक वर्षं माहीतच नव्हतं की इंग्लंडात दर रविवारी सकाळी आपल्या आवाजावर लोक घरी जातायत. इथे आठ नव्हते वाजले, एक वाजायला आला होता, क्लबचा माणूस खुर्च्या रचत होता, पण तीच तीन लावली. सगळे फ्लोअरवर. मला सवाई आठवला, पूर्वीचा, रात्रभर चालायचा तो, पहाटे थंडीत शाल गुंडाळून भीमसेनजींची वाट बघायची, आणि सगळं झाल्यावर शेवटी सवाई गंधर्वांची भैरवीची रेकॉर्ड लागायची. तिथे पण शेवट रेकॉर्डनेच! लाउडस्पीकरच्या नियमाने रात्र गेली, भैरवी राहिली. पॅरिशच्या गाण्याला मी फ्लोअरच्या कडेला उभा होतो, सवयीने कुणाचे तरी दोन कोट आणि एक पर्स सांभाळत.

(टिपा : चामड्याच्या तळाचे बूट असतील तर न्या, रबराचे सरकत नाहीत. ग्लास हातात घेऊन फ्लोअर ओलांडू नका, फार वाईट समजतात. गाण्याचं नाव विचारलं तर आता कोणी लपवत नाही, उलट अर्धा तास सुटका नाही.)

रविवार, ब्लॅकपूल

गाडी रद्द, बदली बस, बस पण उशिरा, दीड तासाच्या जागी साडेतीन. जाऊदे. समुद्रावर वारा असा की चिप्स हातातून उडतायत आणि सीगल वाटच बघतायत. मक्काची इमारत २००९ मध्येच पाडली. आम्ही टॉवर बॉलरूममध्ये बसलो, १८९९ चा हॉल, सोनेरी नक्षीचं छत, फ्लोअरला तीस हजारांवर लाकडी ठोकळे, महोगनी, ओक, अक्रोड. वुर्लिट्झर ऑर्गनवर एकजण वाजवत होता, म्हातारी जोडपी वॉल्ट्झ करत होती. बाईंनी स्कोन खाता खाता बोटांनी लाकूड चाचपलं, म्हणाल्या फ्लोअर उत्तम आहे, वाया चाललंय.

पुणे

शनिवारी त्या डब्यातून मी एक घेतली होती, सहा पौंड, डेट्रॉइटची, लेबलला ड्रिलने पाडलेलं बारीक भोक. ते भोक म्हणजे न विकलेला, मोडीत काढलेला माल. (रेकॉर्ड्स हँडबॅगेतच आणा, दोन्हीकडून जाड पुठ्ठा लावून.) घरी आल्यावर कळलं की अमेरिकन ४५ ला मधलं भोक दीड इंचाचं असतं, माझ्या प्लेअरची दांडी सुईएवढी, अ‍ॅडॉप्टर घ्यायचा राहिला. मग पुठ्ठा कापला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बसला. रेकॉर्ड जरा डुगडुगत फिरते, आवाज थोडा हेलकावे खातो, पण लागली. ही भाजी आणायला गेली होती. हॉलमधला टीपॉय सरकवला, बुटाच्या तळाला पावडर लावली, थोडी फरशीवर पण टाकली कारण इथे पाटी नाही. दीड मिनिट झालं असेल, टाळीची जागा येणार तेवढ्यात लॅच उघडलं.

ही दारात, दोन्ही हातात पिशव्या, आधी फरशीकडे बघितलं, मग बुटांकडे.

"कॅरम काढलाय का?"